‘हव’ कोण म्हणालं?

मी छत्तीसगडच्या मंत्रालयात फायली सांभाळतो, त्यामुळे घरातल्या वस्तूही आपल्याला सांभाळता येतात असा माझा बरीच वर्षं समज होता. तो दूर व्हायला एक शनिवार, एक रविवार, एक टाकी पाणी आणि बाबांची वेबसाइट एवढंच लागलं.

बाबा रेल्वेत गार्ड होते. रायपूर-धमतरीच्या छोट्या लाइनवर त्यांची सगळी नोकरी गेली. निवृत्त झाल्यावर माणसं गुलाब लावतात, नाहीतर शेजाऱ्यांच्या भांडणात पंच होतात; बाबांनी लिहायला घेतलं. माझी बायको वैशाली इथेच रायपुरात, समता कॉलनीतल्या एका दवाखान्यात कॉम्प्युटरवर बसते. तिनं त्यांना वेबसाइट करून दिली आणि बाबा दर गुरुवारी त्या साइटवर एक आठवण टाकू लागले. ती वाचायला निवृत्त रेल्वेवाले टपून बसलेले असायचे. (माझीही एक वेबसाइट होती, कवितांची. तिच्यावर कोणी टपून नव्हतं.)

पण बाबांच्या साइटची खरी मजा लेखात नव्हती, लेखाखाली होती. तिथे आई लिहायची. बाबा दिवाणखान्यात, आई स्वयंपाकघरात, मध्ये एक पडदा. तरी ती भाजी परतता परतता एका बोटानं फोनवर प्रतिक्रिया टाकायची. बाबांनी लिहावं, ‘अंधारात रुळावर साक्षात अस्वल उभे होते.’ खाली आई: ‘अस्वल नव्हते. कुत्रा होता. घरी येऊन तुम्हीच सांगितले होते.’ बाबांनी लिहावं, ‘मी आयुष्यात कधी डबा उष्टा परत आणला नाही.’ खाली आई: ‘डबा मेश्राम भाऊजी खात होते.’

आईला जाऊन तीन वर्षं झाली. तेव्हापासून बाबा रोज सकाळचा चहा झाला की एक जुना लेख उघडतात, स्वतःचं लिहिलेलं भरभर खाली सरकवतात आणि आईपाशी थांबतात. ते कधी बोलून दाखवत नाहीत, पण आम्हाला ठाऊक आहे. त्या वेळात घरात कोणी मिक्सर लावत नाही.

ही वेबसाइट राहायची तात्यापारा मोहल्ल्यातल्या एका ओळखीच्या गृहस्थांच्या मशीनवर. ते आता धंदा आवरून मुलाकडे जायला निघाले होते. रविवारी संध्याकाळपर्यंत सामान नव्या होस्टिंगवर हलवा आणि जुनी जागा साफ करून द्या, असं त्यांनी फार नम्रपणे कळवलं. वैशाली म्हणाली, रविवारी मी करते. मी म्हटलं, मी करतो. त्याच सुमाराला स्वयंपाकघरातला नळ गळायला लागला होता. तोही मीच करतो म्हटलं. वैशाली काही बोलली नाही. लग्नाला इतकी वर्षं झाली तरी तिच्या गप्प बसण्याचा अर्थ लावायला मी अजून शिकलेलो नाही.

शनिवारी मी नळाला पाना लावला आणि अलगद पिळला. नळ हातात आला. नळामागचा पाइपाचा तुकडाही आला. आणि भिंतीच्या आतून, वर गच्चीपर्यंत काहीतरी सैल झाल्याचा लांबलचक आवाज आला. मी नळ परत जागेवर ठेवून पाहिला, जणू काही झालंच नाही. नळाला ते पटलं नाही.

मग वैशालीनं रामखिलावन भैयाला फोन केला. हा आमचा प्लंबर. माझ्या लग्नाच्या आधीपासून येतो आणि घराची नस न् नस ओळखतो. त्यानं पाइप पाहिला, भिंत पाहिली आणि पेशंटनं घरगुती औषध घेतलंय का हे डॉक्टर विचारतात त्या सुरात विचारलं, “भैया, आप हाथ लगाए थे क्या?” मी हो म्हटलं. त्यानं मान हलवली आणि आधी पाण्याचा कॉक बंद केला. टाकीपासूनचा जुना पाइप बदलावा लागेल, उद्या येतो, टाकी तेवढी रिकामी ठेवा, असं सांगून तो गेला.

दुसऱ्या दिवशी मी लवकर उठलो. नळ बंद राहणार, घरातल्यांचे हाल होणार, या काळजीनं पंप लावून टाकी काठोकाठ भरून ठेवली. (‘टाकी’ आणि ‘ठेवा’ हे दोन शब्द मला नीट ऐकू आले होते. मधला निसटला.) कोणाला सांगितलं नाही. चांगलं काम सांगून करू नये म्हणतात.

मग लॅपटॉप घेऊन दिवाणखान्यात बसलो. त्याच मशीनवरच्या माझ्या कविता आधी हलवल्या. त्या चटकन गेल्या, त्यांना मागे ओढणारं कोणी नव्हतं. नंतर बाबांचे लेख. पडद्यावर एक हिरवी पट्टी सरकत सरकत पूर्ण झाली. नव्या जागेवर जाऊन पाहिलं तर एकूण एक लेख हजर. आता जुनी जागा साफ करायची तेवढी राहिली होती. बाबा आतल्या खोलीत पेपर वाचत होते. मी बसल्या जागेवरून हाक दिली, “बाबा, नव्या जागेवर आलं सगळं. जुनं काढून टाकू का?”

इथे एक सांगायला हवं. आमची मंडळी मूळची वर्ध्याकडची, पण रायपुरात इतकी मुरली आहेत की ‘हो’ म्हणायचं झालं तर घरात सगळे इथलं ‘हव’ म्हणतात. बाबा म्हणतात, वैशाली म्हणते, दारावर येणारा भाजीवाला म्हणतो. आणि हवला चेहरा नसतो. भिंतीपलीकडून आलेलं हव कोणाचंही असू शकतं.

तर मी बाबांना विचारलं, त्याच घडीला, नुकताच येऊन गच्चीवर चढलेल्या रामखिलावन भैयानं खाली विचारलं, “पुराना ला निकाल दँव का, दीदी?” स्वयंपाकघरातून वैशाली म्हणाली, “हव, काढा.” आणि आतल्या खोलीतून बाबा म्हणाले, “थांब, थांब.”

वैशालीचं हव मी घेतलं आणि बटण दाबलं. बाबांचं थांब रामखिलावन भैयाला मिळालं. तो शिस्तीचा माणूस. हव ऐकून त्यानं टाकीचा जुना पाइप उपसला होता, नवा बसवायला उचलला होता, तेवढ्यात थांब आलं. तो थांबला. एका हातात जुना पाइप, दुसऱ्या हातात नवा, आणि समोर काठोकाठ भरलेली टाकी आपलं मन मोकळं करत होती.

पाणी जिन्यावरून आलं. अगदी पाहुण्यासारखं, एकेक पायरी उतरत, आधी चपला घेऊन आणि मग पायपुसणं घेऊन. मी लॅपटॉप डोक्यावर धरून उभा राहिलो. वैशाली गच्चीकडे धावली. आणि बाबा पायजमा घोट्याच्या वर धरून शांतपणे बाहेर आले.

“मी थांब म्हटलं होतं,” ते म्हणाले. “गाडी पोचली असं पुढच्या स्टेशनानं कळवल्याशिवाय मागची लाइन मोकळी समजत नाईत. पहिले खाली पाहून घे म्हणत होतो. तिचं आलं का नाई?”

मी उभ्या उभ्या एक लेख उघडला. अस्वलाचा. खाली गेलो. तिथे लिहिलं होतं, ‘प्रतिक्रिया नाहीत. पहिली प्रतिक्रिया तुम्ही लिहा.’ दुसरा उघडला. तेच. डब्याचा उघडला. तेच. लेख तेवढे आले होते; आई जुन्या जागेवर राहिली होती, आणि जुनी जागा मी नुकतीच झाडून-पुसून लख्ख केली होती.

बाबांनी माझ्या चेहऱ्याकडे पाहिलं. रागावले असते तर बरं झालं असतं. ते खुर्चीवर बसले, पाय वर घेतले आणि म्हणाले, “जाऊ दे. पाठ हायेत मले.”

मला त्या क्षणी होत्या जागी खाली बसावंसं वाटलं. (बसलोही. पाय घसरला.) आयुष्यात मी पुष्कळ गोष्टी बिघडवल्या आहेत, पण त्या सगळ्या दुकानात मिळणाऱ्या होत्या. ही मिळणारी नव्हती. म्हातारा माणूस रोज सकाळी दोन ओळी वाचतो, बाकी काही मागत नाही, आणि त्या दोन ओळी मी त्याच्याकडून काढून घेतल्या होत्या. एवढं वाईट मला क्वचितच कधी वाटलं असेल.

दहा मिनिटांत पाणी थांबलं. नंतर कळलं की वैशालीनं वर जाऊन टाकीच्या भोकावर सरळ दोन्ही तळवे दाबून धरले होते आणि रामखिलावन भैयाला “थांबू नका, बसवा” एवढंच सांगितलं होतं. ती खाली आली तेव्हा केसांपासून निथळत होती. तिनं आधी बाबांकडे पाहिलं, मग माझ्याकडे, मग माझ्या डोक्यावरच्या लॅपटॉपकडे. काय झालं ते तिला सांगावं लागलं नाही. तिनं हात पुसले, दवाखान्यात न्यायची पिशवी उघडली आणि पेन ड्राइव्ह काढून बाबांच्या हातात दिला.

“आईचं अन् बाकीच्यांचंबी सगळं हाय याच्यात. शुक्रवारीच काढून ठेवलं.”

“शुक्रवारी काहून?” मी जमिनीवरून विचारलं.

“तुम्ही ‘मी करतो’ म्हटलं ना, म्हणून.”

या बाईबद्दल मला काय वाटतं ते मी कधी तिला नीट सांगितलेलं नाही, म्हणून इथे लिहून टाकतो. मी घरात काहीही दुरुस्त करायला घेतलं की ती आधी गुपचूप नवा नळ आणून ठेवते, प्लंबरला पूर्वसूचना देते, आणि तरी मला माझा पाना हातात धरू देते. एवढं मोठं मन आणि एवढी तयारी एका ठिकाणी मी दुसरीकडे पाहिलेली नाही.

खरं तर यानंतर मी बाजूला व्हायला हवं होतं. पण मी म्हटलं, प्रतिक्रिया मीच चढवतो. वैशालीनं बाबांकडे पाहिलं. बाबा म्हणाले, “करू दे त्याले. आता भेव बसलं हाय, नीट करन.” ज्या माणसाचं सर्वस्व मी तासाभरापूर्वी धुऊन काढलं होतं तो माणूस हे म्हणत होता. वैशाली टॉवेल पिळायला गेली आणि मी घाबरत घाबरत, एकेक अक्षर वाचत, काम सुरू केलं. शेवटी पडद्यावर एक प्रश्न आला: हे सर्व कोणाच्या नावावर चढवायचे? खाली नावांची यादी होती, आणि खातं मी उघडलेलं असल्यामुळे सगळ्यात वर माझंच नाव होतं. आता मंत्रालयात जन्म गेलेल्या माणसाला नाव विचारलं तर तो काय करणार? ‘सादर करणाऱ्याचे नाव’ लिहितो तसं मी माझं नाव दिलं.

या वेळी मात्र खाली जाऊन पाहिलं. एकेका लेखाखाली आई आली होती. लॅपटॉप बाबांपुढे ठेवला. त्यांनी चष्मा लावला, अस्वल वाचलं, कुत्रा वाचला आणि खुदकन हसले. वर नाव कोणाचं आहे हे आमच्यापैकी कोणी पाहिलं नाही. तिला ओळखायला आमच्या घरात नाव लागतं थोडंच.

नाव पाहिलं ते मेश्राम काकांनी. सोमवारी सकाळी मी नवा रायपूरच्या स्टाफ बसमध्ये होतो, बस त्या रुंद, रिकाम्या रस्त्यावरून चालली होती, आणि काकांचा फोन आला. हे बाबांच्या लाइनवरचे जुने सोबती. मला पाळण्यात पाहिलेले. त्यांचा आवाज फार हळुवार होता.

“संजू, तब्येत बरी हाय ना बेटा?”

मी म्हटलं, बरी आहे.

“नाई, तू साइटवर लिहून राहिला की, ‘मी सात महिन्यांची पोटुशी होते आणि तुम्ही धमतरीत बसून भजी खात होता.’ म्हणून विचारलं.”

मी फोनवर साइट उघडली. आईनं इतक्या वर्षांत बाबांना जे जे सुनावलं होतं ते सगळं मी सुनावलं होतं. प्रत्येक वाक्याशेजारी माझा ऑफिसच्या ओळखपत्रावरचा फोटो होता, मिशीसकट. ‘माझी पैठणी तुम्हाला कधी आठवली नाही,’ असं मी म्हणत होतो. ‘मला न विचारता तुमच्या बहिणीला शब्द दिलात,’ असंही म्हणत होतो. रेल्वेवाल्यांनी रातोरात, म्हणजे रविवार संध्याकाळपासून, मला पुष्कळ उपदेश केला होता. एकानं मात्र लिहिलं होतं की मुलगा वडिलांपेक्षा चांगला लिहितो.

संध्याकाळी घरी येऊन बाबांना कबूल केलं. ते पुष्कळ वेळ हसले, डोळे पुसले आणि म्हणाले, “डब्यावर पाटी कोनाचीबी असो. सवारी पोचली ना.”

वैशालीनं पुढचा आठवडाभर दवाखान्यातून आल्यावर रोज थोडा वेळ बसून एकेक प्रतिक्रिया परत आईच्या, नाहीतर ज्याच्या त्याच्या नावावर केली. तिला कुठेही अडखळावं लागलं नाही. आई कुठली आणि इतर कोणी कुठलं हे तिला एका ओळीत कळत होतं. सगळं जागच्या जागी गेल्यावर माझ्या नावावर एकच प्रतिक्रिया उरली, कारण ती खरोखरच माझी होती. माझ्या बारशाला आपण ड्युटीमुळे कसे पोहोचू शकलो नाही, आणि ते अजून कसं मनाला लागून आहे, असा लेख बाबांनी एका गुरुवारी लिहिला होता. त्याखाली मी लिहिलं होतं, ‘खूप छान, बाबा!’

त्याच्या खाली आईची ओळ आहे: ‘याने वाचलेले नाही.’