आत्या नर झाडं उपटत नाही

माझी आत्या रोपांशी गोड बोलते आणि माणसांवर खेकसते. नर्सरीत येणारी गिऱ्हाइकं आधी तिच्या चेहऱ्याचा अंदाज घेतात, मग आत शिरतात. लग्न तिने केलं नाही. नर्सरीमागच्या दोन खोल्यांत ती आणि टेलरमावशी माझ्या जन्माच्या आधीपासून एकत्र राहतात. एकच पलंग, एकच कपाट, आणि खिडकी उघडी ठेवायची की बंद यावरून रोजचं एकच भांडण. आमच्या घरी त्यांना 'मैत्रिणी' म्हणून विषय बदलायची पद्धत होती.

माझ्या वेळी मात्र विषय बदलता आला नाही. दवाखान्यातल्या एका नर्सवर माझं प्रेम आहे, तिच्याबरोबरच राहायचंय, असं मी सांगून टाकलं. बाबा म्हणाले, "तिला सोड, नाहीतर या घरात पाऊल टाकू नकोस." मी बॅग भरली आणि आत्याकडे आले. टेलरमावशीने शिवायचे कपडे उचलून मला झोपायला जागा केली, आत्याने हातात झारी दिली. त्या दोघींचे उपकार मी जन्मभर विसरणार नाही.

काही दिवसांनी बाबा मला न्यायला आले. बस म्हटलं तरी बसेनात.

"ताई, तू तरी समजाव हिला. हे निसर्गाच्या विरुद्ध आहे."

"बाळ्या," आत्या म्हणाली. पांढऱ्या मिशांच्या माझ्या बाबांना बाळ्या म्हणणारी जगात ती एकटीच. "तुझा नि निसर्गाचा संबंध कधी आला रे? तू फरशा विकतोस."

बाबा तणतणत पपईच्या ओळींत गेले. राग आला की त्यांच्या हातांना काम लागतं, आणि हे काम त्यांना लहानपणापासून ठाऊक होतं. आजोबांचा नियमच होता, फुलं आली की नर झाडं ओळखायची आणि उपटून टाकायची. त्यांना फळ धरत नाही, फुकट जागा अडवतात. बाबांनी एक कोवळं झाड उपटलं, दुसरं उपटलं. तिसऱ्याला हात घातला आणि थबकले.

"ताई, हा नरच ना? मग ही फळं कशी?"

"धरतात कधीकधी. हवा बदलली की एखादं झाड बदलतं."

"म्हणून ठेवलंस होय!"

"नाही." आत्याचा आवाज एकदम खाली आला. तिला इतकं हळू बोलताना मी कधी ऐकलं नव्हतं. "फळासाठी नाही ठेवलं. तू उपटलीस त्या दोन झाडांना काहीच धरलं नसतं, तरी ठेवली होती. मधमाश्या येतात त्यांच्यावर. आणि नसत्या आल्या तरी ठेवली असती. आपल्या वडिलांनी सगळं फळावर मोजलं. झाडं मोजली, आईलाही मोजलं. तुझ्यानंतर तिला मूल झालं नाही, तेव्हा काय काय बोलले ते तूही ऐकलंस. मला तर मूलच नाही. मलाही उपटायचं का रे?"

बाबा खाली बसले. मग ती दोन झाडं उचलून पुन्हा खड्ड्यात लावायला लागले, हातांनी माती दाबायला लागले.

"ती आता जगायची नाहीत," आत्या म्हणाली. "पपईला उपटणं सोसत नाही."

बाबांचे हात थांबले. आल्यापासून पहिल्यांदाच त्यांनी माझ्याकडे नीट पाहिलं.

"ती मुलगी," ते म्हणाले, "ड्युटीवरून कधी सुटते?"

"संध्याकाळी."

"मग थांबतो मी. भेटूनच जातो."

मी त्यांचे मातीने भरलेले हात तसेच धरले आणि रडले.