उज्वला बनसोडेंचं रांगेचं गणित

उज्वला बनसोडे कोपरखैरण्याच्या एका कॉलेजात गणित शिकवायची आणि उरलेल्या वेळात न्हावा शेवा बंदराच्या गेटवर ट्रक का तुंबतात, याचं गणिती मॉडेल करायची. तिच्या आईचं म्हणणं, ट्रक तुंबलेत हे बघायला पीएचडी कशाला, रस्त्यावर उभं राहिलं की दिसतंय.

मॉडेल कागदावर तयार होतं, पण आकडे काढायला कॉम्प्युटर हवा. कॉलेजातला एकमेव कॉम्प्युटर प्रिन्सिपलांच्या केबिनमध्ये, रेक्झिनच्या कव्हराखाली, लग्नात आलेल्या डिनर सेटसारखा जपलेला. विद्यापीठात तिला आठवड्याला तासभर मिळे. प्रोग्रॅमला सलग तीन दिवस लागणार होते. आणि गाइडनी बजावलेलं, दसऱ्यानंतरच्या शुक्रवारी आकडे दिसले नाहीत तर नोंदणी रद्द.

मदतीला आले पोपटराव. मूळचे साताऱ्याचे, वाशीत क्लिअरिंग एजंट, म्हणजे कागदपत्रं करून लोकांचा माल बंदरातून सोडवणारे. त्यांचे कंटेनर त्याच रांगेत रखडायचे, म्हणून त्या रांगेवर कुणी डोकं लावतंय याचं त्यांना कोण कौतुक. दसऱ्याच्या सुट्टीत आमच्या ऑफिसचा कॉम्प्युटर वापरा म्हणाले. अट एकच, चपला बाहेर.

अष्टमीच्या संध्याकाळी उज्वलानं प्रोग्रॅम चालू केला, 'बंद करू नये' अशी चिठ्ठी डकवली आणि आईला घेऊन नागपूरला दीक्षाभूमीवर गेली. त्यांच्या घरचा दसरा तिथेच. खंडेनवमीला लोक हत्यारं पुजतात हे तिला माहीत होतं. पण हत्यार म्हणजे कोयता, पहार, फार तर पाना.

सोमवारी येऊन बघते तर कॉम्प्युटरला हळदकुंकू, झेंडूची माळ आणि पडदा काळा. चिठ्ठी शाबूत होती. तिलाही कुंकू लागलं होतं.

"चिठ्ठी वाचली की मॅडम," पोपटराव म्हणाले. "पण नवमीला हत्याराकडनं काम घेत नसत्यात. वर्षातनं एक दिवस त्यालाबी विसावा."

"काका, आत गणित चालू होतं. सगळं गेलं."

"गेलं म्हंजे? बटण दाबलं की पुढं सुरू हुईल न्हवं?"

"पहिल्यापासून."

उज्वला भांडली नाही. मधले आकडे फ्लॉपीवर उतरवत जायची अक्कल तिला तरी कुठे सुचली होती? तेवढ्या दोन ओळी तिनं आता प्रोग्रॅममध्ये घातल्या. पण मशीन तिला दिलं तर ऑफिसचं काम कशावर करायचं?

पोपटरावांनी कपाटावरचा जुना टाइपरायटर खाली काढायला लावला. टायपिस्ट चांगुणाबाईंनी त्यावरची धूळ बघितली, मग मालकांकडे बघितलं.

"कुंकू तुम्ही लावायचं आणि कार्बन मी," त्या म्हणाल्या, आणि कामाला लागल्या.

तीन दिवस ऑफिसात खडखडाट चालला. कागद चुकत, पुन्हा टाइप होत, उशिरा पोचत. पोपटरावांचे कंटेनर हलेनात. गुरुवारी दुपारी आकडे आले, शुक्रवारी गाइडनी सही केली.

शनिवारी ती सांगायला आली, तेव्हा पोपटरावांनी विचारलं, मग रांगेचं काय निघालं? उज्वला म्हणाली, ज्यांचे कागद पुरे आहेत त्यांना वेगळ्या गेटनं आधी सोडलं, तर रांग निम्मी होते.

पोपटरावांनी थोडा हिशोब केला.

"म्हंजे ह्या आठवड्यात मी मागंच," ते म्हणाले आणि तिच्यासाठी चहा सांगितला.