दत्तूचं मार्स्ट्रांड

दत्तू गेला असं पेडण्याच्या बसस्टँडवर एकाने सांगितलं, तेव्हा मी आधी विचारलं, "तुका कोणी सांगलां?" माझा स्वभावच मेला तसा. बायको म्हणते, मी आरशातल्या माणसालाही नाव-गाव विचारीन. पण आमच्या गावी, केरीला पोचलो तर त्याच्या अंगणात माणसं जमलेली... लहानपणापासूनचा मित्र, आणि त्याच्या मरणावरही मी लगेच विश्वास ठेवला नाही.

दत्तू तारवटी, म्हणजे बोटीवर नोकरी करणारा. एकदा बोटीवरच पाय मोडला म्हणून त्याला स्वीडनमधल्या मार्स्ट्रांड नावाच्या बेटावर उतरवलं आणि अख्खा हिवाळा तो तिथे राहिला, असं तो सांगे. मूठभर गाव, लाकडी घरं, वर कैद्यांकडून बांधून घेतलेला किल्ला. यायला-जायला फेरीबोट, गावात मोटार म्हणून नाही. पूर्वी हेरिंग मासळी इतकी लागायची की म्हणे तिच्या तेलावर पॅरिसच्या रस्त्यांवरचे दिवे जळत. मग एका साली मासळी फिरकलीच नाही, गाव ओस पडलं. पुढे राजा उन्हाळ्यात हवा खायला येऊ लागला, त्याच्यामागून पैसेवाले... आता तुम्हीच सांगा, किल्ला, फेरी, मासळी! आमच्या केरीलाही फेरी आणि पलीकडे तेरेखोलचा किल्ला. हा बाबा केरीच सांगतोय, वर थोडं बर्फ घालून, अशी मला दाट शंका. एक फोटोसुद्धा नव्हता त्याच्याकडे.

गोव्याची राजभाषा मराठी की कोकणी, ही चळवळ पेटली आणि शंका आणखी बळावली. मी मराठी शाळेचा मास्तर, मराठीच्या बाजूचा. आणि हा सांगू लागला, "मास्तर, तो गाव आदीं नॉर्वेकडे आसलो, मागीर स्वीडनकडे गेलो. राजे बदलले, लोक जाळीं विणत रवले." हा टोमणा कुणाला? मला, की कोकणीवाल्यांना? मला चैन पडेना. शेवटी त्याला न सांगता मी ग्रामदेवतेचा कौल घेतला. आमच्याकडे ओल्या पाकळ्या मूर्तीला चिकटवतात. उजवी पडली तर होय, डावी पडली तर नाही. दत्तू त्या गावी राहिला होता का, असं विचारलं. उजवी पडली. मी गुरवाला म्हटलं, "वाऱ्यान पडली. परत लाव." दुसऱ्यांदा डावी पडली. मग माझं समाधान झालं.

गोवा घटकराज्य झालं त्यानंतरची गोष्ट. किनाऱ्यावरची माडांची जागा हॉटेलला द्यावी का, यावर देवळात सभा भरली. दत्तू उठला. "मार्स्ट्रांडान घरां भायल्यांक विकलीं. थंडयेंत हांव थंय आसलों. धा घरांतल्या एका घरांत दिवो. बाकीचे धनी गरमेंत येतले, मागीर कुलूप." बाहेरच्यांना घरं विकून गाव हिवाळाभर कसा अंधारात पडतो, हे लोक कान देऊन ऐकत होते. मी मध्येच उभा राहिलो आणि म्हणालो, "असा गावच नाही. देवानेच डावा कौल दिलाय." उजव्या पाकळीचं मी बोललो नाही. दत्तू माझ्याकडे बघत खाली बसला. देवाच्या शब्दापुढे कोण बोलणार? जागा गेली. आता तिथे कुंपण आहे.

बाराव्यानंतर त्याच्या बायकोला, इंदूवैनींना, धीर करून विचारलंच, "वैनी, दत्तू खरंच तिथे राहिला होता?"

त्या तांदूळ निवडत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "पेटयेंत पत्रां आसात, भावजी. पण घोवान बायलेक लिवलेलीं पत्रां सभेंत वाचतत काय? तुमी देवाक विचारलां, आमकां खंय विचारलां?" मग सूप बाजूला ठेवून, "पयली उजवी पडली, तां गुरवान ह्यांका त्याच सांजेक सांगलां. हे म्हणत, मास्तर एक दिस आपणच सांगतलो."

सभेनंतरही दत्तू रोज संध्याकाळी माझ्या पडवीत येऊन बसायचा. फेरीच्या, माशांच्या गप्पा मारायचा, मध्येच माझ्या तोंडाकडे बघत राहायचा. याच्या मनात काहीतरी काळंबेरं आहे, असं मला वाटायचं. अरे देवा... तो नुसती वाट बघत होता, आणि मी रोज त्याला चहा पाजून वाटेला लावत होतो.