खड्याचं ऑपरेशन

लग्नाआधी मी एक पत्रक लिहिलं होतं. बाईच्या वजनावर बोलणाऱ्यांनी आधी आपली नजर बदलावी, बाईने आपला देह बदलायची काही गरज नाही, असं त्यात ठासून मांडलं होतं. भंडाऱ्याच्या बसस्टँडवर उभी राहून मी ते स्वतः वाटलं. मुद्रितं बाबांनी तपासली होती. मी अक्षरं गिरवली तीच त्यांनी सभांमधून आणलेल्या पत्रकांवर. आमच्या घरात ‘काहून?’ विचारल्याशिवाय कुठलीच गोष्ट मान्य होत नसे.

पुढे पाच वर्षांनी नागपूरच्या एका दवाखान्यात माझं पोट शस्त्रक्रिया करून लहान करण्यात आलं, आतडंही वळवून जोडलं. वजन एकशे अठरा किलो होतं, साखर वाढलेली, गुडघे दुखायचे, पाळी वर्षातून दोनदा आली तर आली. निर्णय माझा होता आणि तो बरोबर होता, हे मी आजही म्हणते. पण ज्या बायकांच्या हातात मी तो कागद दिला होता, त्यांना काय सांगायचं? सिहोऱ्यात कळलं की भंडाऱ्यात कळणारच, म्हणून सासरी, सिहोऱ्याला, पित्ताच्या खड्याचं ऑपरेशन झालं असं सांगितलं. खरं माझ्या नवऱ्याला ठाऊक होतं आणि माझ्या आईबाबांना.

घरी सोडताना डॉक्टरीणबाई म्हणाल्या होत्या, “वजन उतरलं की पाळी सुरळीत होते, दिवसही पटकन राहतात. पण दीड वर्ष मूल नको. आधी तुमचं शरीर भरून निघू दे.” मी मान डोलावली. लग्नाला पाच वर्षं होत आली होती, तोवर काही झालं नव्हतं. हे दुसऱ्या बायकांसाठीचं सांगणं आहे असं मी धरून चालले. जगातल्या प्रत्येक गोष्टीवर शंका घ्यायला शिकलेली मी, स्वतःच्या वांझपणावर मात्र कधी शंका घेतली नाही.

ऑपरेशननंतर सहाव्या महिन्यात चाचणीच्या पट्टीवर दोन रेघा आल्या.

सासूबाई अंगणात बसून धान पाखडत होत्या. ऐकल्याबरोबर सूप तसंच टाकून उठल्या. दुपारपर्यंत मोहल्ल्याला कळलं. दुसऱ्या दिवसापासून वाट्या यायला लागल्या. कुणाकडून लाखोरीच्या डाळीचे वडे, कुणाकडून खीर, कुणाकडून मासोळीचा रस्सा. दोन जिवांच्या बाईला शेजारच्या घरातून घास गेलाच पाहिजे, अशी आमच्याकडची रीत. आणि माझ्या पोटात अर्धी वाटी भात मावायचा. त्यावर एक घास गेला की उलटी.

“खाऊन घे ना माय,” सासूबाई म्हणायच्या. “आता तू एकटी आहेस का? पाखरावानी कायले टोचून राहिली?”

त्यांची पाठ वळली की मी वाटी बकरीपुढे रिकामी करायची.

गावच्या आरोग्य उपकेंद्रात नर्सबाईंनी माझं कार्ड भरलं. “याआधी कोणतं ऑपरेशन?” त्यांनी विचारलं. मी तोंड उघडायच्या आत सासूबाई म्हणाल्या, “खड्याचं झालं वो बाई, नागपूरले.” नर्सबाईंनी तसं लिहून घेतलं. मी बघत राहिले. एका वाक्याचं काम होतं.

नवरा रोज मागे लागायचा. “आईले नको सांगू, पण डॉक्टरले तरी सांग. चाल, नागपूरले जाऊन येऊ.”

“जाऊ ना.”

“कधी? पोरगं शाळेत गेल्यावर?”

मी गेले नाही. दीड वर्ष थांबा म्हणणाऱ्या बाईसमोर सहा महिन्यांत पोट घेऊन उभं राहायची मला लाज वाटत होती. मेडिकलमधून लोहाच्या आणि कॅल्शियमच्या गोळ्या आणून मी दुप्पट खात होते. माझं आतडं त्या पुरत्या शोषत नाही, हे मला शस्त्रक्रियेच्या वेळीच सांगितलेलं होतं. वजन उतरतच होतं. मोहल्ल्यातल्या बाया म्हणायच्या, “पोरगा आहे वाटते. पोरगा आईले वाळवते.”

पाचव्या महिन्यात साखरेची तपासणी होती. नर्सबाईंनी गिलासभर पाण्यात ग्लुकोज कालवून हातात दिलं. “पाच मिनिटांत संपवा.” पोट लहान केल्यापासून असलं गोड पाणी मला चालत नाही, हे मला पक्कं ठाऊक होतं. शेजारी सासूबाई उभ्या होत्या. मी प्यायले. थोड्या वेळात छाती धडधडायला लागली, अंग घामाने भिजलं, पोटात मुरडा आला आणि मी बाकावरून खाली कोसळले.

शुद्धीवर आल्यावर मी सगळं सांगितलं. नर्सबाईंनी कपाळावर हात मारून घेतला. “अवो बाई, शिकल्यासवरल्या तुम्ही! हे लपवायचं असते का?” सासूबाई रागावल्या नाहीत. माझ्या पोटाकडे बघून त्यांनी एवढंच विचारलं, “मंग त्याले खायाले कोण देऊन राहिलं?”

भंडाऱ्याला सोनोग्राफी झाली. बाळ दिवसांच्या मानाने फार लहान होतं. नागपूरच्या डॉक्टरीणबाई मला एक शब्द टाकून बोलल्या नाहीत. शिरेतून लोह चढवलं, इंजेक्शनं दिली, दर दोन तासांनी काय खायचं ते लिहून दिलं. “अशा ऑपरेशननंतर धडधाकट मुलं होतात,” त्या म्हणाल्या. “फक्त पहिल्या दिवसापासून लक्ष ठेवावं लागतं.” सासूबाई घड्याळ बघून मला अंड्याचा बलक आणि दोन चमचे वरण भरवायच्या. वाटी रिकामी होईपर्यंत त्या समोरून हलत नसत.

सातव्या महिन्यात हालचाल थांबली. मुलगी होती. तळहातात मावेल एवढं तिचं डोकं होतं. मी बाळंतपण करणाऱ्या डॉक्टरांना कारण विचारलं. नक्की सांगता येत नाही, असं ते म्हणाले. त्या उत्तराआड मला लपता आलं असतं, पण आता लपायची ताकद राहिली नव्हती.

तिसऱ्या दिवशी मोहल्ल्यातल्या बाया भेटायला आल्या. ज्यांनी वाट्या पाठवल्या होत्या त्याच. पदराने डोळे पुसत एकीने विचारलं, “काय झालं वो एकाएकी? बाईच्या अंगात कायी कमी होतं का?”

मी भिंतीला टेकून बसले होते. सासूबाईंनी माझ्याकडे पाहिलं नाही.

“तिच्या अंगात कायी कमी नोयतं,” त्या म्हणाल्या. “पोरच कमजोर होती.”

बायांनी मान हलवली. मला उठून सांगायचं होतं की पोरीचा काही दोष नव्हता, ती सात महिने माझ्या अर्ध्या वाटीवर जगली. वाक्य तोंडापर्यंत आलं होतं.

कुणीतरी चहा पुढे केला. मी कप घेतला.