टिकलीखालचा दिवा

एअरबॅगचा लाल दिवा विझेना, म्हणून मी त्याच्यावर बायकोची टिकली चिकटवली.

काळी, गोल, बरोबर दिव्याच्या मापाची. चिकटवल्यावर दिवा दिसेना, आणि दिसेना म्हणजे नाहीच, असं समजून मी निश्चिंत झालो. गाडी जुनी आहे. म्हाताऱ्या माणसाच्या प्रत्येक कण्हण्याला डॉक्टर बोलवायचा नसतो, असं माझं मत होतं. त्याच सुमारास स्टेअरिंगवरचा हॉर्नही मुका झाला. त्यावरही माझ्याकडे इलाज होता. दाराच्या बेलचं एक बटण घरात उरलेलं होतं. ते डॅशबोर्डला भोक पाडून बसवलं आणि हॉर्नला थेट तार ओढून घेतली. बोट ठेवलं की भोंगा! दोन दुखणी, दोन इलाज. उभ्या यवतमाळात माझ्याइतका समाधानी गाडीवाला दुसरा नसेल.

हे समाधान ढाणकीत उतरलं.

मुलीला पहिल्या बाळंतपणासाठी माहेरी आणायला आम्ही दोघं ढाणकीला गेलो होतो. बायकोने घरी तिच्यासाठी खोली लावून ठेवली होती, पलंगाची दिशासुद्धा दोनदा बदलली होती. व्याही शेतकरी माणूस. कापूस, सोयाबीन, तूर, आणि अंगणात ट्रॅक्टर. जेवणं झाली, ओटी भरून झाली, मुलीची बॅग दारात आली. तेवढ्यात ट्रॅक्टर बाहेर काढायचा म्हणून व्याही म्हणाले, "द्या चाबी, तुमची गाडी मी सावलीत लावतो."

मी दिली. का दिली, ते मला आजवर कळलेलं नाही.

गाडीसमोर कोंबड्या होत्या. व्याह्यांनी स्टेअरिंग दाबलं. आवाज नाही. पुन्हा दाबलं. मग त्यांना बेलचं बटण दिसलं. त्यांनी ते दाबलं आणि भोंग्याने सगळी गल्ली दचकली. ते खाली वाकून बटण न्याहाळू लागले. नेमक्या त्याच वेळी, दुपारभर उन्हात तापलेली माझी टिकली सुटली आणि त्यांच्या पांढऱ्या धोतरावर पडली.

"काहो याही," त्यांनी ती बोटावर घेतली, "गाडीले सवाशीण केली का?"

मी हसलो. ते हसले नाहीत. ते लाल दिव्याकडे पाहत होते.

"हा कायचा दिवा होय?"

"काही नाही, सेन्सर," मी म्हणालो. गाडीतलं जे मला कळत नाही त्या सगळ्याला मी सेन्सर म्हणतो.

मुलगी दारातून म्हणाली, "मामंजी, तो एअरबॅगचा आहे. पेटलेला राहिला म्हणजे धडक झाली तर फुगा उघडेलच असं नाही."

माझीच मुलगी. शिकवून चूक झाली.

"आमच्या ट्रॅक्टरचा ऑइलचा दिवा पेटला त मी जागेवर बंद करतो," व्याही म्हणाले. "तुम्ही टिकली लावता! सून या गाडीत बसनार नाही. आठ दिवसांत दिवा इझवून या. त्याच्यानंतर डॉक्टर तिले प्रवासाले नाही म्हनते. नाहीतर बाळंतपन इथंच."

"आपण भाड्याची गाडी करू," बायको हळूच म्हणाली.

"माझी मुलगी भाड्याच्या गाडीतून माहेरी येणार नाही!" मी गरजलो. या गर्जनेची काहीएक गरज नव्हती.

मुलीची बॅग आत गेली. यवतमाळला परतताना मी बायकोला आर्णीला चहा घ्यायचा का, विचारलं, तर ती खिडकीबाहेर पाहत राहिली.

दुसऱ्या दिवशी मेकॅनिककडे गेलो. त्याने गाडीला मशीन जोडलं. "ड्रायव्हर साइडचं सर्किट तुटलं दाखवून राह्यलं," तो म्हणाला आणि सीटखालचा पिवळा जोड पाहायला वाकला. तिथे आधी सरकीची ढेप निघाली, मग तुरीचा भुसा, मग दोन वर्षांपूर्वी हरवलेला माझा चष्मा. जोड साफ केला, मशीनने दिवा विझवला. मी आनंदाने घरी निघालो. घराच्या वळणावर स्टेअरिंग फिरवलं आणि दिवा पुन्हा पेटला.

परत गेलो. त्याने जोड पुन्हा घट्ट केला, दिवा विझवला. पहिल्याच वळणावर पुन्हा पेटला! मला तो दिवा आता खिजवतोय असं वाटू लागलं. सरळ रस्त्यावर शहाण्यासारखा गप्प, वळणावर डोळा मारणार.

"काका, अजून काही बिघडलं हाय का गाडीत?" मेकॅनिकने विचारलं.

"काही नाही," मी छातीवर हात ठेवून सांगितलं. हॉर्न तर मी दुरुस्त केला होता ना! बरी झालेली दुखणी डॉक्टरला कोण सांगतं?

तिसऱ्या खेपेला बायको सोबत आली, कारण माझ्यावर तिचा भरवसा उरला नव्हता. रस्त्यात बकरी आडवी आली. मी बेल दाबली.

"ही बेल कधी बसवली?" तिने विचारलं.

"पोळ्यानंतर."

"आणि दिवा कधी पेटला?"

"तेव्हाच."

 मेकॅनिककडे पोचल्यावर मला बाजूला सारून तिने सगळं सांगितलं. मेकॅनिकने डोक्याला हात लावला. "काका, हे पयले सांगाले काय झालतं? हॉर्नची अन् एअरबॅगची तार स्टेअरिंगखालच्या एकाच गुंडाळीतून जाते. स्टेअरिंग फिरलं की ते फिरते. तेच तुटली असन. मी कायले सीटखाली घुसून राह्यलो?"

बॅटरीची तार सोडून, जरा थांबून त्याने स्टेअरिंग उघडलं. गुंडाळी तुटलेलीच होती. नवीन नागपूरहून यायची होती. आज येते, उद्या येते, बसमध्ये ठेवली, बसमधून उतरलीच नाही. बायको रोज सकाळी त्या रिकाम्या खोलीतली चादर झटकायची, आणि प्रत्येक झटका माझ्या पाठीत बसायचा. शेवटी आठव्या दिवसाच्या आदल्या संध्याकाळी गुंडाळी आली आणि मेकॅनिकने ती बसवली.

ढाणकीत व्याही दारातच उभे होते. त्यांनी स्वतः चाबी फिरवली.

"पेटला, पाहा!"

"थांबा जरा," मी म्हणालो. "सुरू करताना एकदा पेटतो आणि आपोआप विझतो. नाही विझला तर बिघाड." हे ज्ञान मला नवीनच झालं होतं, पण मी ते जुन्यासारखं सांगितलं.

सगळे दिव्याकडे पाहू लागले. दिवा विझला. व्याह्यांनी स्टेअरिंग उजवीकडे पूर्ण फिरवलं, डावीकडे पूर्ण फिरवलं, हॉर्न दाबला. कोंबड्या पळाल्या. दिवा विझलेलाच. मग बेलच्या रिकाम्या भोकात त्यांनी बोट घालून पाहिलं, मान हलवली आणि सुनेला म्हणाले, "बस, बाई."

मुलगी मागे आईजवळ बसली. पट्टा लावला. मी मोठ्या रुबाबात आरसा नीट केला.

"आई," मागून आवाज आला, "टिकल्यांचं पाकीट कपाटात कुलपात ठेव. उद्या बाळाला ताप आला, तर बाबा थर्मामीटरवर टिकली लावून मोकळे होतील."