सुनेत्रावहिनी आणि रोमचे रक्तपिपासू

सुनेत्रावहिनी म्हणजे माझ्या थोरल्या भावाची बायको. लेस्टरच्या एका हॉस्पिटलात ती रक्त काढायचं काम करते. हे काम ती इतकी वर्षं करते आहे की बेलग्रेव्ह रोडवर भेटणारे निम्मे लोक तिला नमस्कार करण्याआधी बाही वर सारतात. आणि हीच बाई महिन्यातून एका रविवारी दुपारी पांढरी चादर गुंडाळून दोन हजार वर्षांपूर्वीच्या रोममधली व्हॅम्पायर होते. यात पदरचं काही घातलेलं नाही. तिला गाडी चालवता येत नाही, त्यामुळे तिला तिथे नेणारा आणि परत आणणारा मीच.

रवीदादा गेल्यावर साधारण वर्षभराने हॉस्पिटलातल्या ज्यूलीने तिला या नादाला लावलं. वीस-पंचवीस प्रौढ माणसं स्काउटांचा हॉल भाड्याने घेतात. स्टेज नाही, प्रेक्षक नाहीत. प्रत्येकाने आपलं सोंग घ्यायचं आणि दुपारभर ते सोडायचं नाही. पहिल्या दिवशी मी भिंतीपाशी खुर्ची घेऊन बसलो, म्हटलं आता किंकाळ्या ऐकू येणार. कसल्या किंकाळ्या! पेल्यात काळ्या मनुकांचं सरबत आणि तोंडात सारखे कायदे.

त्यांच्या रोममधले रक्तपिपासू भलतेच शिस्तीचे. पहिला घोट घराण्यातल्या सगळ्यात जुन्याने घ्यायचा. ज्याच्या छपराखाली घोट घेतला, त्याच्या अंगाला दुसऱ्या दिवसाची सांज होईपर्यंत हात लावायचा नाही. ज्याने तुम्हाला व्हॅम्पायर केलं तो तुमचा कर्ता, आणि तुमचे सगळे गुन्हे त्याच्या माथी. जुन्या रोममध्ये म्हणे बाप नवजात मुलाला जमिनीवरून उचलून घ्यायचा, तेव्हा ते मूल घरातलं व्हायचं. त्यावरून यांनी आपला विधी बसवलेला. नव्या माणसाने जमिनीवर मेल्यासारखं पडायचं. कर्त्याने त्याला जे सुनवायचं ते आधीच सुनावून घ्यायचं, कारण एकदा उठल्यावर तो उलट बोलू शकतो. मग हात धरून उचलायचं आणि नाव ठेवायचं. उचलण्याआधी पडलेला एक शब्द जरी बोलला तर तो कायमचा मेला.

इंग्रज मंडळींना हे सगळं लक्षात ठेवताना नाकीनऊ येत. वहिनी कराडच्या पंधरा माणसांच्या घरात वाढलेली. कुणाच्या आधी जेवायला बसायचं नाही आणि कुणासमोर तोंड उघडायचं नाही, हे तिला शिकवावं लागलं नाही. वर्षभरात अशी वेळ आली की न्यायाधीश झालेला डेनिस, म्हणजे बसकंपनीतून निवृत्त झालेला इन्स्पेक्टर, निकाल देण्याआधी हळूच वहिनीकडे बघायचा. मला हसू यायचं. थोडा अभिमानही वाटायचा, खोटं कशाला बोलू.

मग २००६ च्या वसंतात तिचा कर्ता गेला. म्हणजे ॲलन नावाचा तो गृहस्थ बायकोबरोबर स्पेनला राहायला गेला. खेळात मात्र ऊन लागून मेला असं जाहीर झालं. स्पेनला गेलेल्याला ते शोभलंही. पण वहिनीची पंचाईत झाली. ज्या बाईचा कर्ता नाही, तिला घराण्यांच्या सभेत आवाज नाही. तिने दुसऱ्या घराण्यातला पालक पत्करायचा, नाहीतर मागच्या बाकावर तोंड मिटून बसायचं. सुटका एकाच बाईला, जिने स्वतः तिघांना असं जमिनीवरून उठवलं आहे. वहिनीने दोघांनाच उठवलं होतं. डेनिस म्हणाला, मी होईन तुझा पालक. वहिनीने मान हलवली आणि मागच्या बाकावर जाऊन बसली.

त्याच सुमारास घरी दुसरंच चाललं होतं. तिचा एकुलता मुलगा परीक्षित बेसिंगस्टोकला आयटीत आहे. त्याने तिच्यासाठी खालच्या मजल्यावर खोली तयार केली होती. लेस्टरचं घर विकायचं आणि आईला घेऊन जायचं, असा बेत. मलाही तो पटला होता. दादा गेला तेव्हा घरात एकटाच होता. वहिनी ड्यूटीवरून आली तर तो किचनच्या फरशीवर. परीक्षितच्या डोक्यातून ते जात नव्हतं. तो आणि मी टेबलाशी बसून सगळं ठरवायचो, वहिनी चहा गाळायची. विचारलं की म्हणायची, "बघू." आम्ही तो होकार धरला. आमच्या घराण्यात तशी पद्धतच आहे.

ऑक्टोबरातल्या एका रविवारी परीक्षित आला. सोमवारी घर बघायला एजंटचा माणूस येणार होता. वहिनी खेळाला निघाली तसा तोही गाडीत बसला. वाटेत वहिनी म्हणाली, "परीक्षित, माझं एक काम करशील? थोडा वेळ जमिनीवर पडायचं. काही झालं तरी बोलायचं नाही."

"Seriously, आई?" तो हसला. "ओके. ईझी."

मला लगेच कळलं की तिसरा कोण होणार. याने उठवून घेतलं की वहिनीला सभेत पुन्हा आवाज मिळणार, कुणाचा पालक नको, काही नको. तिला ते किती हवं होतं हे तिच्या चादर नेसण्यावरून दिसत होतं. लग्नाला निघाल्यासारख्या निऱ्या घातल्या होत्या.

परीक्षित ऑफिसच्या चांगल्या कोटासकट हॉलच्या मधोमध आडवा झाला. सगळे गोल उभे राहिले. वहिनी त्याच्या उशाशी आली आणि मराठीत बोलू लागली.

"मी बेसिंगस्टोकला येणार नाही. उद्या तो माणूस आला तर मी दार उघडणार नाही. तुझी खोली छान आहे, सूनबाई चांगली आहे. पण तिथे सकाळी उठून मी जाऊ कुठे? इथे मला काम आहे. बसस्टॉपवर दिसले नाही तर विचारणाऱ्या बायका आहेत. तू आणि भावजी माझ्यासमोर माझं ठरवत होतात आणि मी चहा गाळत होते. मला फार राग आला होता, परीक्षित. अजून आहे."

माझ्याकडे तिने पाहिलंही नाही. मग वाकून तिने हात पुढे केला. बोटं त्याच्या हाताला लागणार, तेवढ्यात तो आपल्या मोडक्या मराठीत बोलला.

"पण बाबा एकटा होता ना, आई. फरशीवर. मला रोज तेच दिसतो. माझा झोप जातो. तू पण तशीच पडलीस आणि कुणाला कळलाच नाही तर? I can't do that again."

हॉलमध्ये मराठी कुणाला कळत नव्हतं. पण तो बोलला हे सगळ्यांनी ऐकलं. ज्यूली म्हणाली, जाऊ दे ना, बिचारा नवीन आहे. डेनिसने निकाल दिला नाही, वहिनीकडे पाहिलं. तो बोलला नाही, एवढं तिने म्हटलं असतं तरी सगळ्यांनी कानावर हात ठेवले असते. पण गेल्या वर्षी एक जण पडल्या पडल्या शिंकला आणि सवयीने सॉरी म्हणाला, तेव्हा त्याला मेलेला ठरवणारी हीच होती.

"He spoke," वहिनी म्हणाली, आणि हात मागे घेतला.

मग गुडघ्यावर हात टेकत ती त्याच्याशेजारी फरशीवर बसली. "भीती मलाही वाटते. रोज संध्याकाळी कुलपात किल्ली फिरवताना वाटते. तशीच मी आत जाते, दिवा लावते, भात टाकते. ते घर मी असं परत मिळवलंय. मला व्हायचं ते तिथेच होऊ दे."

परीक्षित रडत होता, आडवाच, कोटाच्या बाहीने नाक पुसत. वहिनी थोडा वेळ त्याच्या केसांतून हात फिरवत राहिली. मग उठली आणि मागच्या बाकावर जाऊन बसली. तिचा सभेतला आवाज गेला तो गेलाच. खेळ पुढे सुरू झाला. पडलेल्याला वळसा घालून रोमन घराणी सरबत पिऊ लागली.

बऱ्याच वेळाने परीक्षित आपला आपण उठला. कोट झटकला, बाहेर पार्किंगमध्ये गेला. काचेतून मला तो फोनवर बोलताना दिसत होता. उद्या येऊ नका, घर विकायचं नाही, एवढंच बोलला असावा, कारण फोन लवकर संपला. आत येऊन तो आईला चिकटून बाकावर बसला. तिने त्याचा हात आपल्या मांडीवर घेतला. सभा संपेपर्यंत दोघंही तिथेच बसून होती.

परतताना माझ्या शेजारची सीट रिकामी राहिली. दोघं मागे बसली. वहिनी त्याला म्हणाली, "रात्री आठला फोन करत जा. मी नाही उचलला तर काकांना कर, ते जवळ आहेत." तो हो म्हणाला. मला कुणी काही विचारलं नाही.