तुफानरावांच्या नवरीचा चुडा

आमच्या मंठ्यात तुफानरावांचा नवा अंक आला की लोक आधी अंकाकडं बघत नसत, पुंजाराम कासाराच्या तोंडाकडं बघत. त्यानं मान डोलावली तर दुपारच्या आत गठ्ठा संपायचा. त्यानं नाक मुरडलं तर पुढं महिनाभर त्याच अंकाच्या कागदात अत्तराच्या शिश्या गुंडाळल्या जायच्या.

पुंजाराम माझा शेजारी. त्याचा ओटा आणि माझं तंबाखूचं दुकान यांच्यामध्ये एक नाली, तीही पावसाळा सोडला तर कोरडी. त्यामुळे त्याच्या घरात वाद निघाला की पहिला शब्द त्याचा असतो, दुसरा त्याच्या बायकोचा, म्हणजे गोजरबाईचा, आणि तिसरा माझा. लोक म्हणतात मला नसती उठाठेव फार. असू द्या. उठाठेव नसती तर हे लिहायला कोण बसलं असतं?

आता तुफानराव कोण, ते सांगतो. पुण्याकडचा कोणी छापखानेवाला महिन्याला एक चोपडी काढायचा. पानोपानी चित्रं, चित्राखाली दोन-दोन ओळी. त्यातला हा काळ्या मुखवट्याचा गडी. एरवी कचेरीतला साधा कारकून, साहेबाचं ऐकून घेणारा. पण कुठं कोणावर जुलूम झाला की मुखवटा चढवून असा उडायचा की खाली बघणाऱ्यांच्या टोप्या पडायच्या. एका हातानं आगगाडी थांबवायचा, दुसऱ्या हातानं दरोडेखोर उचलायचा, आणि दुसऱ्या दिवशी कचेरीत उशीर झाला म्हणून पुन्हा बोलणी खायचा. हे शेवटचं आमच्या लोकांना फार पटायचं.

अंक आणायचे ख्वाजामियाँ. अत्तर, सुरमा, उदबत्त्या हा त्यांचा मूळ धंदा. माल घ्यायला सर्व्हिस मोटारीनं जालन्याला जायचे, तिथल्या एजंटाकडून चोपड्यांचा गठ्ठाही उचलायचे. गंमत अशी की मियाँना उर्दू फर्डी यायची, मराठी अक्षर मात्र एक वाचता येत नसे. आपण काय विकतोय ते त्यांना पुंजाराम सांगेल तेव्हाच कळायचं.

आणि पुंजाराम सांगायचा कसा? बांगड्या भरता भरता. बाईचा हात याच्या हातात, बांगडी अर्ध्यात अडकलेली, आणि हा सांगून राह्यलाय की तुफानराव विहिरीत उतरले. बाई जाणार कुठं? गोष्ट संपेपर्यंत हात सुटत नसे. अंकाची पारख पण त्याच तराजूत. "हा अंक काचेचा. दिसाया झकास, पण घरी जाईस्तोवर तडा." किंवा, "हा लाखेचा हाय बरं का. जड हाय, पण टिकंल." आगगाडीच्या अंकाला तर त्यानं भर बाजारात फटकारलं होतं. "एवढी मोठी गाडी एका झटक्यात थांबवली. मंग आतल्या बायांच्या हातातली एक बी बांगडी वाढली न्हाई? ह्या चिताऱ्याला कोणी सांगा रे, बायका बी परवास करतात म्हणून!" बांगडी फुटली असं कासार कधी म्हणत नाही. फुटली तरी वाढलीच म्हणतो.

एकदा निकाल दिला की तो फिरवायचा नाही, हा त्याचा नेम. बांगडी एकदा हातात गेली की कासार ती परत घेतो का? तसंच.

तर एका अंकाच्या शेवटच्या पानावर जाहीर झालं, पुढच्या महिन्यात तुफानरावांचं लग्न, राजकन्या केतकीशी. पुंजाराम असा हरखला की जणू वऱ्हाड त्याच्याच ओट्यावर उतरणार.

"मियाँ, ह्या बारीला गठ्ठा मोठा आण. लगीन हाय लगीन! बाया घेतील, बाया सांगतील म्हणून गडी घेतील."

"एजंट परत न्हाई घेत, पुंजाराम. सोच ले."

"आरं, माझी जबान हाय!"

मियाँनी त्या जबानीवर नेहमीच्या कितीतरी पट मोठा गठ्ठा आणला. बाजाराच्या दिवशी सुतळी सोडली, पहिली प्रत शिरस्त्याप्रमाणं पुंजारामच्या मांडीवर ठेवली. समोर पाटलाच्या घरची सोनूबाई हात पुढं करून बसली होती. मागं बायकांचा घोळका, त्यामागं बापे, आणि नालीच्या अलीकडं तंबाखू मळत मी.

पुंजाराम वाचत गेला. मांडव पडला, वाजंत्री वाजली, दरोडेखोर वऱ्हाडी होऊन मांडवात घुसले. पान उलटलं. लग्नाचं मोठं चित्र. तुफानराव मुखवट्यावर मुंडावळ्या बांधून उभे.

"आवं, नवरदेवाचं तोंड कुठंय?" दारातून गोजरबाई म्हणाली. "पोरीच्या बापानं काय पाहून दिली?"

हशा पिकला. पण पुंजाराम हसला नाही. त्याची नजर चित्राच्या एकाच जागी खिळली होती, आणि सोनूबाईच्या हातावर चढत असलेली बांगडी त्याच्या बोटांत कटकन वाढली.

"नवरीचे हात उघडे हायेत," तो म्हणाला.

सोनूबाई वाकून बघायला लागली. "अगं माय! गळ्यात हार, कपाळाला मळवट, अन मनगटात एक काकण न्हाई?"

चितारी पुण्याचा की कुठला, त्यानं दागिने भरपूर काढले होते. नथ होती, वाकी होती, कमरपट्टा होता. बांगड्या तेवढ्या विसरला. दुसऱ्या कुणाच्या ते लक्षातही आलं नसतं. पण पुंजारामनं आजवर एकही नवरी चुड्याशिवाय मांडवात जाऊ दिली नव्हती.

"असलं चित्र कोणी घरात नेऊ नका," तो उठून म्हणाला. "शुभाचं काम अन उघडे हात. माझा निकाल झाला."

ज्यांनी अंक उचलले होते त्यांनी ते अंगारा सांडू नये तसे हळूच खाली ठेवले.

ख्वाजामियाँ धावत ओट्याशी आले. "अरे, तस्वीर हाय ती! कागद हाय!"

"तस्वीर तर देवाची बी असती, मियाँ. तिला कोणी टाचणी टोचतं का?"

"तूच बोलला मोठा गठ्ठा आण! अब ये किसके सर पे मारू? ऐक पुंजाराम, हा गठ्ठा उठला न्हाई तर किताबांचं काम खतम. बिलकुल खतम! अत्तर विकीन, सुरमा विकीन. तुझा तुफानराव तुला मुबारक!"

आणि मियाँनी आपलं बस्तान उचलून बाजाराच्या पार दुसऱ्या टोकाला, बैलांच्या बाजूला नेऊन मांडलं. तिथं अत्तराचा वास कोणाला येणार होता?

पुंजारामची मात्र दशा झाली. निकाल फिरवावा तर नेम मोडतो. न फिरवावा तर दोस्त जातो आणि तुफानरावही जातात. गोजरबाईनं आवडीची वांग्याची भाजी केली तरी ताट तसंच. मी नालीपलीकडून विचारलं, "काय रे, तुझ्या वाटचं तुफानराव जेवून गेले का?" तर त्यानं माझ्याकडं असं बघितलं की मी मुकाट तंबाखू मोजायला लागलो. माझ्यासारख्याला मुकाट करणं म्हणजे बघा!

असे दिवस चालले असताना मियाँची बायको मदिनाभाभी बांगड्या भरायला आली. नवऱ्यांचं बोलणं बंद असलं म्हणून बायकांनी हात उघडे ठेवायचे की काय? बसली, हात पुढं केला. पुंजाराम गोष्ट न सांगताच भरत होता.

"भाईसाब," ती अखेर म्हणाली, "ती पोरगी कुठल्या गावची?"

"कोणती?"

"तुमच्या किताबवाली दुल्हन."

"आता ती कागदातली, भाभी. तिला काय गाव?"

"गाव न्हाई कसं? मंठ्याच्या बाजारात आली म्हंजे मंठ्याची. अन मंठ्यात कासार कोन? तुम्ही. मंग दुल्हनचे हात उघडे, तर कसूर कोनाचा?"

पुंजारामचा हात थांबला. मी नालीपलीकडून न राहवून म्हणालो, "भर की मंग, लेका!"

तो खरंच उठला. रंगाऱ्याकडून लुगड्याला द्यायचा हिरवा रंग आणला, लाखेच्या बांगड्यांवर नक्षी काढायची बारीक कुंचली घेतली आणि थेट बैलबाजारात मियाँसमोर जाऊन बसला. मियाँनी तोंड फिरवलं. मागोमाग मी आणि भाभीही पोचलो; भाभीनं गठ्ठा पुढं सरकवला.

आणि मग मी जे पाहिलं ते मरेपर्यंत विसरणार नाही. पुंजाराम चित्रातल्या केतकीशी बोलत होता. "हात ढिला सोड, माय. असा ताठ नको धरू. झालं, झालं, ही शेवटची." सवयच ती! प्रत्येक मनगटावर हिरवा चुडा, आणि वर कासाराकडून आशीर्वादाची एक बांगडी जास्त. चुडा भरून झाला की बाई कासाराला वाकून नमस्कार करते. केतकी काही वाकली नाही. मी म्हणालो, "राजकन्या हाय बाबा, तिला गर्व असतो." तेव्हा कुठं मियाँच्या मिशीत हसू हललं.

सगळ्या प्रती भरून झाल्या. रंग वाळला. सोनूबाई वाटेनं चालली होती, तिला पुंजारामनं मोठ्या तोऱ्यात अंक दाखवला. तिनं लग्नाचं चित्र पाहिलं, खूश झाली. मग पान उलटलं आणि तिच्या तोंडाचा रंगच उडाला.

"पुंजारामदादा! हे काय करून ठिवलं?"

पुढच्या पानावर केतकी गवाक्षात उभी. हात उघडे. त्याच्या पुढच्या पानावर घोड्यावर. हात उघडे. पुंजारामनं लग्नापुरता चुडा भरला होता, कारण चुडा भरायचा तो लग्नात, एवढंच त्याच्या डोक्यात! पण मांडवात हिरवा चुडा आणि पुढच्या पानावर मोकळी मनगटं, याचा अर्थ आमच्याकडं शेंबडं पोरही सांगेल.

"नवरा गेला व्हय तिचा?" सोनूबाई कळवळून म्हणाली.

"कसा गेला? हा बघ की, झाडावरून उडी मारून राह्यलाय!"

"मंग हे कोण? भूत?"

मियाँनी कपाळाला हात लावला. "या अल्ला! पहले दुल्हन नंगे हाथ, अब दुल्हा मुर्दा!"

पुन्हा कुंचली. आता मात्र गोजरबाईही पदर खोचून आली. ती पानं धरायची, भाभी फुंकर घालायची, मियाँ रंग कालवायचे आणि पुंजाराम पानोपानी केतकीचे हात भरायचा. मीही मदत केली. कोणती केतकी राहिली ते बसल्या जागेवरून ओरडून सांगत होतो.

आणि मग तिसरी आफत. तेव्हा महायुद्ध चालू होतं, त्या टंचाईत कागद इतका पातळ आला होता की मागचा दरोडेखोर पुढच्या पानावरूनच दिसायचा. त्यात पुंजारामनं घाईत रंग ओला ठेवला. घोड्यावरच्या केतकीचा चुडा पान फोडून पाठीमागं उतरला, आणि पाठीमागं नेमका दरोडेखोरांचा नाईक दोन्ही हात वर करून उभा होता. त्याच्या एका मनगटावर सुरेख हिरव्या बांगड्या! एका प्रतीत नाही, साऱ्या प्रतींत.

पुंजारामनं कुंचली खाली टाकली. "गेलं. सगळं गेलं. मियाँ, म्या तुझा माल नासवला."

मियाँनी पान उजेडाकडं धरलं. बराच वेळ बघत राहिले. मग सगळ्या प्रती मोजून पुन्हा सुतळीत बांधल्या. तेव्हा मलाही चेष्टा सुचली नाही, खरं सांगतो.

दुसऱ्या बाजाराला मियाँ आपला गठ्ठा घेऊन पुन्हा ओट्यापाशी आले. लोक जमले, कारण मी आठवडाभर जमवत होतो. सगळ्यांचे डोळे पुंजारामच्या तोंडाकडं, आणि मियाँचे सगळ्यात जास्त.

पुंजाराम उभा राहिला. "गोष्ट कच्ची हाय," तो म्हणाला. मियाँनी डोळे मिटले. "लग्नात पंगत न्हाई, मानपान न्हाई, दरोडेखोर लई लवकर हरतात. अंक काचेचा, म्या लाखेचा म्हणणार न्हाई. पर उघड्या हाताचं चित्र नेऊ नका, हा माझा निकाल व्हता. आता नवरीचे हात उघडे न्हाईत. पानोपानी म्या भरलेत. घरात न्यायला हरकत न्हाई."

बायका पुढं सरकल्या. एवढ्यात मागून कोणीतरी पान उलटून ओरडला, "आरं, हे पाहा! तुफानरावानं नाईकाला बांगड्या भरल्या!"

झालं! बाप्यांचा लोंढा आला. दरोडेखोराच्या हातात बांगड्या, याच्याहून मोठा पराक्रम आमच्या बाजारात कोणी पाहिला नव्हता. "ह्याला म्हणतात वीर!" "मारलं न्हाई, कापलं न्हाई, सरळ बांगड्याच!" माळकरी म्हाताऱ्यांनीसुद्धा अंक नेला. पुंजाराम ओरडून सांगत होता की तो रंग उतरलाय, तसं गोष्टीत नाही. कोण ऐकतो? एवढा खरं बोलणारा माणूस, आणि त्याच्या खऱ्यावर त्या दिवशी एकाचाही विश्वास बसला नाही.

गठ्ठ्याची नुसती सुतळी उरली. ती गोळा करत मियाँ म्हणाले, "काय रे, थोडी तारीफ केली असती तर जबान झडली असती का?"

"आज खोटं बोललो असतो तर पुढल्या महिन्याला तू कोणाच्या तोंडाकडं पाह्यलं असतं?"

मियाँनी अत्तराची पेटी उघडली. एक फाया काढला आणि पुंजारामच्या कानात खोचला. मला नाही दिला.

पुढच्या महिन्यात जालन्याला निघताना मियाँनी विचारलं, "किती आणू?" पुंजाराम म्हणाला, "थोडकेच आण बाबा, माझ्या भरवशावर राहू नको." संध्याकाळी मोटार आली. मियाँ उतरले. खाकेत गठ्ठा होता, तो मागच्यापेक्षा मोठा, आणि वरच्या खिशात कोरी करकरीत कुंचली, केसासारखी बारीक.

"ही काहून आणली?" पुंजारामनं विचारलं.

"अरे, शादी झाली ना त्याची? आता औलाद होईल. इतनी सी कलाई पे बांगडी तुझ्या त्या जाड्या कुंचलीनं काढतो का?"